भुरीचे दहा दिवस

आमची कुत्री भुरी उठायची ते अंगणात बसलेल्या माणसाला ऐकू यायचं. आधी पुढचे पाय रेटायची, मग मागचा भाग उचलायला जोर लावायची, आणि तो उचलला गेला की नाकातून एक हुंकार टाकायची, डोक्यावर ओझं घेताना बाई टाकते तसा. मग चार पावलं लाकडासारखी. पाचव्या-सहाव्या पावलाला सांधे सैल व्हायचे आणि ती पुन्हा कुत्र्यासारखी चालायला लागायची. थंडीच्या दिवसांत ही चार पावलांची दहा झाली, दहाची वीस झाली. माय चुलीपाशी बसून तिच्याकडे बघायची आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात फिरवत म्हणायची, "मन्हा बी असाच शे, भुरे. चाल, तू आनी मी एकच."

मी चौथीपर्यंत शिकलो आणि तीही दोनदा बसून. लिहायची सवय नाही. माझी बायको केसर गेल्यावर मुलगी म्हणाली, भिंतीकडे बघत बसता त्यापेक्षा लिहा. तर लिहितो. सगळं आयुष्य लिहिण्यासारखं नाही, कुणाचंच नसतं. हे दहा दिवस लिहितो, कारण तेव्हा जे होते त्यातलं कोणी उरलं नाही, आणि माझी चूक मी सोडून दुसरं कोण सांगणार.

आम्ही धरणगावला जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, राहायचो. माझा बाप, त्याला सगळे आबा म्हणायचे, मीही आबाच म्हणायचो, तो जिनाच्या आवाराचा राखणदार होता. फाटकाला लागून दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याला तीन पायऱ्या. हंगामात भोंगा वाजला की जिनं सुरू व्हायची आणि मग दिवसभर घरात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागायचं. आमच्या घरातली माणसं म्हणून मोठ्यानं बोलतात, भांडत नसली तरी. कापसाचा भुगा हवेत असायचा. पाण्याच्या माठावर, भाकरीवर, मायच्या भुवयांवर. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि वर तेलाची धार, हे सकाळ-संध्याकाळ. भरताची वांगी निघाली की गाडीवाले कापूस उतरवून जाताना दोन वांगी ओट्यावर ठेवून जायचे, आणि भुरीला भाकरीचा तुकडा टाकायचे. शंभर गाड्या आल्या तर शंभर जण तुकडा टाकायचे. ती फुगून पिंपासारखी झाली होती. आम्हाला त्यात चांगलंच वाटायचं. कुत्री जाड आहे म्हणजे घर खातंपितं आहे.

भुरीचं काम आबासोबत कापसाच्या गंजींना फेऱ्या मारायचं. दहा-अकरा वर्षं तिनं ते केलं. त्या वर्षी ती अर्ध्या फेरीत बसायला लागली. आबा पुढे जाऊन शीळ घालायचा, ही शेपटी हलवायची पण उठायची नाही. मालक मारवाडी होते, माणूस सज्जन. एकदा फाटकाशी थांबून हसत म्हणाले, "आबा, तुमची कुत्री आता आमच्यासारखी झाली. गादी सोडत नाही. दुसरं पिल्लू बघा." ते चेष्टेनं बोलले. आबाला ते लागलं. त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "काम नही तं खानं कसाले?" आणि मग म्हणाला, रविवारी डागणारा येतो, जिनाच्या बैलांसोबत हिलाही डाग देऊ.

डाग देणं आमच्याकडे मोठा उपाय. बैल खांद्यातून, पायातून धरला की लोखंड लाल करून सांध्यावर टेकवायचं. बैल आडवा पाडून, चार माणसं बसवून. मी ते पाहिलेलं होतं. तो वास एकदा नाकात गेला की जेवणातून जात नाही. मी तेव्हा विशीच्या आत-बाहेर होतो, जिनात कापूस ओढायला जायचो, लग्नाला चार महिने झाले होते. भुरीवर लोखंड टेकवलेलं मला बघवलं नसतं. पण आबासमोर तसं बोलायची सोय नव्हती. आमच्या घरात आबासमोर कोणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

म्हणून मी शनिवारी शहाणपणा केला. माय स्वतःच्या गुडघ्याला बिब्बा लावायची. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्याच्या ज्योतीवर धरायचा, तेल सुटलं की गुडघ्यावर एक-एक ठिपका द्यायचा. मायला त्यानं बरं वाटायचं, निदान ती तसं म्हणायची. मी विचार केला, मायच्या गुडघ्याला चालतं ते कुत्रीच्या गुडघ्याला का चालणार नाही. सकाळी लवकर घरातली सगळी धुणं घेऊन विहिरीवर गेली असताना मी मायच्या डब्यातले तीन बिब्बे घेतले आणि भुरीच्या ढुंगणाच्या दोन्ही सांध्यांना, मागच्या गुडघ्यांना, केस बाजूला सारून सारून लावले. ठिपके नाही, चांगले माखले. माणसाला एक लागतो तर हिची कातडी जाड, हिला तीन. भुरी गप पडून राहिली. माझ्यावर तिचा विश्वास होता. मी कुणाला सांगितलं नाही. रविवारी ती तुरुतुरु चालेल, आबा म्हणेल डाग नको, आणि मग मी सांगेन, असं मनात होतं.

कुत्रं चाटतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

रविवारी सकाळी भोंगा नव्हता, आवार शांत होतं. केसरनं भाकरीचा तुकडा भुरीपुढे टाकला. भुरीनं हुंगला आणि तोंड फिरवलं. तिच्या जबड्यातून लाळ गळत होती, दोरीसारखी, जमिनीला टेकलेली. केसर शिंदखेड्याकडची, घरात गुरंढोरं असलेली, तिला जनावराची भीती नव्हती. तिनं पाण्याची वाटी पुढे केली. भुरीनं पाण्याला जीभ लावली आणि किंचाळून मागे झाली. केसरला वाटलं दातात हाड अडकलं असेल. तिनं एका हातानं तिचं तोंड धरलं आणि दुसरा हात मागून घालून तिला उचलून उजेडात घ्यायला गेली. हात नेमका त्या सांध्यावर पडला. भुरी वळली आणि मनगटाला चावली. दात आत जाऊन निघाले. केसर ओरडली नाही. तिनं फक्त "अगं माय" म्हटलं आणि खाली बसली.

ओरडलं ते दुसरंच कोणी. नळावर पाणी भरणारा एक हमाल होता, त्यानं लाळ पाहिली, पाण्याला घाबरलेली पाहिली, रक्त पाहिलं. "पिसाळनी! आबानी भुरी पिसाळनी!" पाच मिनिटांत आवारात दहा-बारा माणसं झाली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात कापसाच्या गाठी बांधायची लोखंडी पट्टी. भुरी सरकीच्या पोत्यांमागे जाऊन बसली होती, तिथून तिची धाप ऐकू येत होती. माय केसरच्या जखमेत लाल तिखट भरत होती आणि रडत होती. आबा घरात गेला आणि त्याची लोखंडी कडं लावलेली काठी घेऊन आला.

"कोनी पुढे सरकू नका," तो म्हणाला. "कुत्री मन्ही शे. मीच करसू काय करनं ते."

मी ओट्याच्या पायरीवर उभा होतो. मला माहीत होतं. लाळ बिब्ब्याची, पाण्याचं भय तोंड भाजल्याचं. हे तोंडापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. एक तर आबाचा धाक. आणि दुसरं सांगतो, जे मी केसरलाही फार वर्षांनी सांगितलं. मला खात्री नव्हती. पंधरवड्यापूर्वी भुरी नाल्याकडून कान फाटून आली होती, कुणाशी झुंजली कोण जाणे. बिब्बाही खरा असेल आणि पिसाळलेलीही खरी असेल. मी म्हणालो बिब्बा आहे, सोडा, आणि उद्या केसर पाण्याला बघून किंचाळायला लागली तर? आबा पोत्यांपर्यंत गेला. काठी वर गेली.

"मामा."

चार महिन्यांत केसर सासऱ्यासमोर बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत असायचा, काही हवं असेल तर मायच्या कानात सांगायची. आता ती उभी होती, मनगटातून तिखट आणि रक्त खाली गळत होतं, आणि पदर खांद्यावर होता.

"मामा, मारू नका तिले. ती मरनी तं माले कसं समजी?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आबा काठी वर धरून तसाच. केसर पुढे बोलली ते तुटक तुटक. तिच्या माहेरी एका चुलत काकाला कुत्रं चावलं, लोकांनी लगेच कुत्रं मारलं, पुरलं. मग ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे कुणालाच कळेना, आणि तो माणूस पुढे कित्येक महिने रोज पाण्याच्या घागरीकडे बघून घाम गाळायचा. त्याला काही झालं नाही. पण तो माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. "कुत्री जिती राहिनी तं मी जिती," ती म्हणाली. "बांधी ठेवा. पन मारू नका."

मग मला तोंड फुटलं. बायको बोलल्यावर. याची लाज मला आजही आहे, जाणार नाही. "आबा," मी म्हणालो, "मी बिब्बा लावेल शे तिले."

"कव्हय?"

"काल."

"कितला?"

"तीन."

आबानं काठी खाली टेकवली, चालत माझ्यापर्यंत आला आणि कानाखाली अशी दिली की मी ओट्यावरून खाली गेलो. हमाल हसले नाहीत. जिनाचा फिटर, ज्याला आम्ही वस्ताद म्हणायचो, तो तेवढा पुढे आला. "मारामारी नंतर करा," तो म्हणाला. "पोरीला आधी दवाखान्यात न्या. आणि ते तिखट धुवा, जखम काय भाजी आहे काय?"

भुरीला तुटक्या यंत्रांच्या खोलीत कोंडलं. वस्तादानं जाड गोणपाट अंगावर टाकून तिला आत लोटलं, बाहेरून कडी. मी केसरला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. रस्ताभर ती पुढे आणि मी मागे. डॉक्टरांनी जखम बघण्याआधी विचारलं, "कुत्रं जिवंत आहे का?" आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "कोणी सांगितलं जिवंत ठेवायला?" मी केसरकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाले, बाई शहाणी आहे. मग साबणाच्या पाण्यानं ती जखम इतका वेळ धुतली की मला वाटलं हात झिजेल. म्हणाले, कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवा. पिसाळलेलं असेल तर दहा दिवस काढणार नाही. तोवर हिला रोज पोटात इंजेक्शन. एकूण चौदा, आजचं आहे, बाकीची जळगावहून मागवतो. दहाव्या दिवशी कुत्रं धड असेल तर पुढची बंद.

दहा दिवस म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सकाळी उठलो की मी आधी त्या खोलीच्या फटीला डोळा लावायचो. पोट हलतंय का. पहिल्या दिवशी हलत होतं. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात होती आणि मला दिसेना, मी फटीतून नाव घेतलं, काही नाही, पुन्हा घेतलं, तेव्हा शेपटीचा आवाज झाला, एकदाच. पाणी तसंच. गुरांचे डॉक्टर त्या दिवशी सायकलवरून आले. बारीक माणूस, धुळ्याकडचा, खाकी अर्धी चड्डी आणि पायात मोजे. त्यांनी दाराच्या वरच्या झरोक्यातून बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. "ढुंगणावर फोड आहेत. ओठावर तसेच. बिब्बा उतला आहे," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. तर लगेच म्हणाले, "पण हे माझं मत झालं. मतावर सूनबाईचा जीव टांगता येत नाही. दहा दिवस म्हणजे दहा. ताक ठेवा, थंड दूध ठेवा, लांब काठीनं सरकवा. हात आत घालू नका." जाताना मी विचारलं, साहेब, तिच्या पायाचं काय. ते सायकलवर बसता बसता म्हणाले, "आधी जगू दे. मग पायाचं बोलू."

तिसऱ्या दिवशीही दुधावर साय धरली आणि तशीच राहिली. आवारातल्या बायकांनी केसरला नळावर येऊ देणं बंद केलं. कुणी थेट काही म्हणत नव्हतं, हंडे फक्त बाजूला घ्यायच्या. एकीनं मायला सांगितलं, तिच्यासमोर पाण्यानं परात भरून ठेव, घाबरते का ते कळेल. मायनं त्या बाईला शिव्या घातल्या, आणि घरात येऊन माझ्यासमोर हळूच केसरला तांब्या दिला आणि ती पिते का ते बघत राहिली. केसरला ते कळलं. तिनं तांब्या तोंडाला लावला, घटाघट सगळा संपवला, पालथा करून मायसमोर ठेवला. माझ्याशी तिनं बोलणं टाकलं होतं. माझं ताट माय वाढायची. दवाखान्यात ती टेबलावर आडवी व्हायची, भिंतीकडे तोंड करायची, आणि सुई आत जाताना तिच्या पायाची बोटं आवळायची. पोटावर सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या. परत येताना ती एकदाच बोलली. "माले सांगतात तं मी तिना पायले हात लावती का?" एवढंच.

इथं एक सांगून टाकतो. केसर गेल्यावर तिची मांजर माझ्या गळ्यात राहिली. पिवळी, म्हातारी, मला कधी न आवडलेली. रोज खिडकीत बसायची, ती बसेना. मी म्हटलं हिलाही दुःख झालं असेल. मुलगीही तसंच म्हणाली. मग एके दिवशी तिला खिडकीखाली उभी पाहिली, वर बघत होती, ढुंगण हलवून अंदाज घेत होती, आणि तशीच वळून गेली. लंगडत नव्हती, ओरडत नव्हती. दुःखबिख काही नाही, सांधे गेले होते. मी खिडकीखाली एक पेटी ठेवली आणि पेटीवर चौरंग. आता बसते. कुत्रं दुखलं तर दाखवतं, मांजर फक्त एक-एक जागा सोडत जातं, हे त्या गुरांच्या डॉक्टरांनी मला सांगितलेलं. पुढे सांगतो कधी ते.

चौथ्या दिवशी दुपारी मी फटीला डोळा लावून होतो, तेव्हा आबा मागून आला. त्या थपडेनंतर तो माझ्याशी बोलला नव्हता. त्यानं मला बाजूला केलं, स्वतः बघितलं. आतून आवाज आला, चप चप चप. आबा खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाला, "पेस शे." पिते आहे. मग आत जाऊन त्यानं मायला सांगितलं, मोठ्यानं, केसरला ऐकू जाईल असं, की भुरी पेस शे. केसर भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा थापायला लागली.

पण डॉक्टर म्हणाले तसे दहा म्हणजे दहा. सहाव्या दिवशी तिनं दुधातला तुकडा खाल्ला. सातव्या दिवशी दुपारी ती उगाचच भुंकली, खर्जात, वेगळ्याच आवाजात, आणि अख्खं आवार गप्प झालं. पिसाळलेल्या कुत्र्याचा आवाज बदलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. हमालांनी पुन्हा काठ्या आणल्या. आबा दारासमोर खाट टाकून बसला आणि म्हणाला, दहा दिवस झाल्याशिवाय या कडीला हात लावेल त्याचा हात मोडीन. ज्यानं पहिल्यांदा काठी उचलली तोच. जेवणही तिथंच. आठव्या दिवशी आवाज ठीक झाला. घसा भाजला होता, बाकी काही नाही. पण तो एक दिवस केसरनं कसा काढला ते तिलाच माहीत. मी बघितलं तेव्हा ती गव्हातले खडे निवडत होती, आणि निवडलेले गहू पुन्हा निवडत होती.

दहाव्या दिवशी सकाळी गुरांचे डॉक्टर आले. आबानं कडी काढली. दार उघडलं तर भुरी उजेडात डोळे मिचकावत पडून होती. मग उठायला लागली. पुढचे पाय, मग जोर, मग तो हुंकार. चार लाकडाची पावलं टाकून ती उंबऱ्यापर्यंत आली आणि आबाच्या पायाला नाक लावलं. डॉक्टर म्हणाले, झालं, ही पिसाळलेली नाही.

मग त्यांनी तिला आडवी घेतली आणि मागचा पाय हळू वाकवून दाखवला. हाताखाली करकर लागत होती, त्यांनी माझा हातही ठेवून दाखवला. "हाडाच्या टोकावर गादी असते, ती झिजली," ते म्हणाले. "नवी येत नाही. डागा, बिब्बा लावा, वरची कातडी जळेल, आत काही पोचत नाही. बरी होणार नाही. पण सुखानं राहू शकते." आबानं विचारलं, कशी? "आधी गाडीवाल्यांचे तुकडे बंद. निम्मी झाली पाहिजे. एवढं वजन त्या पायांवर. फरशीवर झोपवू नका, गोणपाटात रुई भरून द्या, कोरडी. लांब फेरी नको, पण बसवूनही ठेवू नका, थोडं थोडं चालू द्या. शेक द्या, स्वतःच्या मनगटाला सोसेल एवढाच. नखं वाढली आहेत, ती कापा, पाय घसरतो. आणि तुमच्या डोकेदुखीच्या गोळ्या देऊ नका, मेली तर माझ्याकडे येऊ नका." मांजराचं ते तेव्हाच बोलले, मालकीणबाईंच्या मांजरावरून.

पदराआडून केसरचा आवाज आला. "शेक दिनमा कितला वेळा?"

डॉक्टर म्हणाले, दोनदा.

आबानं त्या दिवशी मजूर न लावता स्वतः विटा आणून ओट्याच्या पायऱ्यांच्या बाजूला भुरीसाठी उतार बांधला. पुढच्या रविवारी डागणारा आला, त्याला फाटकातूनच परत पाठवलं. भुरी पुढे दोन हिवाळे जगली, निम्मी झाली, अर्धी फेरी मारायची आणि आबा उरलेली एकटाच मारायचा, तिला हाक न मारता.

त्याच दहाव्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, उरलेली चार नाहीत लागत. केसर टेबलावरून उठली, बाहेर आली आणि लिंबाखाली उभी राहून रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा. मी बाजूला उभा राहिलो. हात लावायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी माझं ताट तिनं वाढलं, पट्टीच्या हातानं. भाकरी ठेवली आणि समोर बसली. म्हणाली, यापुढे घरात माणसाला म्हणा, जनावराला म्हणा, काहीही लावायचं असलं तर आधी मला विचारायचं. मी म्हटलं, विचारीन.

आणि विचारत गेलो. पोरांच्या खरजेला, मायच्या पाठीला, आबाच्या शेवटच्या दुखण्यात, बैलाच्या खुराला. ती कधी हो म्हणायची, कधी म्हणायची, असू द्या, आपोआप जाईल. आता माझे दोन्ही गुडघे धरले आहेत. मुलीनं तीन प्रकारची मलमं आणून ठेवली आहेत. ती तशीच आहेत. विचारू कुणाला.